बागेतला अनोळखी कोळी फोटोवरून कसा ओळखायचा? अ‍ॅप नेमकं काय करतं आणि कुठे फसतं

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसमध्ये होतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताईने एक फोटो टाकला. आमचं घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. मागच्या परसात जास्वंद आणि अनंताच्या मधल्या जागेत भलं मोठं गोल जाळं आणि त्याच्या मधोमध पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा कोळी. फोटोखाली ताईने लिहिलं होतं, "हा काय प्रकार आहे? चिऊ तिथेच खेळते. बाबा फवारणीचा पंप काढतायत."

चिऊ म्हणजे माझी भाची, वय वर्षे चार. सुट्टीत आजोळी आली की तिचा सगळा दिवस त्या परसातच जातो. त्यामुळे ताईची काळजी अगदी बरोबर होती.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. फोटोतल्या वस्तू ओळखणारी मॉडेल्स तयार करणं हे माझं रोजचं काम, म्हणून घरच्यांच्या मते हे "माझंच डिपार्टमेंट". मी तो फोटो प्राणी-वनस्पती ओळखणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये टाकला. दोन सेकंदांत उत्तर आलं: आर्जिओपी ऑरँशिया, खात्री ९१ टक्के. त्याखाली लाल अक्षरांत 'विषारी: होय'. मीटिंगची घाई होती. मी स्क्रीनशॉट जसाच्या तसा ग्रुपवर पाठवून दिला.

जेवायला बसल्यावर सहज त्या नावावर टॅप केलं आणि घास हातातच राहिला. आर्जिओपी ऑरँशिया हा उत्तर अमेरिकेतला कोळी. तो चिपळूणजवळच्या जास्वंदीवर कुठून येणार? मी लगेच घरी फोन लावला. आईने उचलला.

"आई, बाबांना सांग, तासभर थांबा. मी पाठवलेलं चुकीचं आहे."

"अरे, त्यांनी पंपात औषध भरलंय. आणि तूच तर विषारी म्हणालास ना?"

म्हणालो होतो खरा. चूक अ‍ॅपची होती, पण ती न तपासता पुढे ढकलणारा मी होतो. म्हणून हा लेख. यात आपण तीन गोष्टी बघू: अ‍ॅप उत्तर कसं काढतं, ते कुठे फसतं आणि आपण स्वतः काय बघायचं.

९१ टक्के म्हणजे नेमकं काय?

फोटो ओळखणारं मॉडेल कोळी 'बघत' नाही. त्याच्या दृष्टीने फोटो म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ता, प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगणारा. शिकवताना त्याला लाखो फोटो आणि प्रत्येकाचं नाव दिलेलं असतं. त्यातून ते पट्टे, कडा, आकार, रंगांची मांडणी अशा खुणा आपोआप शिकतं. नवीन फोटो आला की त्याला माहीत असलेल्या प्रत्येक जातीला ते गुण देतं. मग त्या गुणांचं अशा टक्केवारीत रूपांतर होतं की सगळ्यांची बेरीज १०० भरली पाहिजे.

सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. बेरीज १०० करायचीच असल्यामुळे मॉडेलला कुणाला तरी मार्क द्यावेच लागतात. बहुतेक मॉडेल्समध्ये 'यापैकी नाही' असा पर्याय नसतो. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच अ‍ॅपमध्ये आमच्या टेबल फॅनचा फोटो टाकून बघितला. त्यालाही एक लांबलचक शास्त्रीय नाव मिळालं.

म्हणजे '९१ टक्के' याचा अर्थ "हा कोळी ९१ टक्के खात्रीने हाच आहे" असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच: "मी शिकलेल्या यादीतल्या जातींपैकी हा फोटो हिच्याशी सगळ्यात जास्त जुळतो." खरी जात त्या यादीतच नसेल तर मॉडेल तिच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव सांगतं, आणि तेही त्याच आत्मविश्वासाने.

आता ही यादी बनते कशी? लोकांनी काढलेल्या फोटोंमधून. अमेरिकेतल्या बागांमध्ये आर्जिओपी ऑरँशिया अगदी नेहमी दिसतो आणि तिथे फोटो काढून नोंदवणारेही भरपूर आहेत. आपल्याकडे कोळी मुबलक, पण नोंदी कमी. त्यामुळे मॉडेलने जो चेहरा जास्त वेळा पाहिला, त्याच्याकडे ते झुकतं. आमच्या डेटामध्ये एखादा प्रकार जास्त झाला की ऑफिसमध्ये आम्हीही हीच तक्रार करतो. घरच्या फोटोच्या वेळी मात्र ते मला आठवलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो आला की ठिकाण गळतं

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मोबाईलने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि (लोकेशन चालू असेल तर) ठिकाणही साठवलेलं असतं. चांगली अ‍ॅप्स या माहितीचा उपयोग करतात. फोटो कोकणातला आहे हे कळलं तर अमेरिकेतल्या जाती मागे टाकता येतात.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. मी अ‍ॅपला दिलेला फोटो तसाच होता: बारीक तपशील पुसलेला आणि पत्ता नसलेला. यावर उपाय सोपा आहे. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. किंवा अ‍ॅपमध्ये ठिकाण स्वतः भरा.

'विषारी: होय' हे खरं आहे, पण त्यातून कळत काहीच नाही

बाबांना पंप भरायला लावणारं वाक्य हे होतं, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलू. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे विष असतं, भक्ष्याला लुळं करण्यासाठी. घरातल्या कोपऱ्यातल्या लांब पायांच्या कोळ्याकडेसुद्धा असतं. त्यामुळे 'विषारी आहे का' हा प्रश्नच चुकतो. प्रश्न असा हवा: 'माणसाला यापासून धोका आहे का?'

गोल, चाकासारखं जाळं विणणाऱ्या बागेतल्या कोळ्यांपासून माणसाला सहसा धोका नसतो. ते अंगावर धावून येत नाहीत. जाळं हललं तर पळतात किंवा खाली सुटतात. हातात पकडून दाबलं तर चावू शकतात. त्याने दुखतं, थोडी सूज येते. कुणाला अ‍ॅलर्जी असेल किंवा त्रास वाढला तर डॉक्टरकडे जायचं, अ‍ॅप उघडत बसायचं नाही.

ज्यांच्यापासून सांभाळून राहायला हवं ते विडो जातीचे कोळी भारतातही आहेत. पण त्यांचं जाळं गोल नसतं. ते विस्कटलेलं, गुंतवळासारखं असतं आणि दगडांच्या फटी, अडगळ, कुंड्यांच्या खालची बाजू अशा आडोशाच्या जागी सापडतं. म्हणजे ताईच्या काळजीचं उत्तर जातीच्या नावात नव्हतंच. ते जाळ्याच्या आकारात होतं आणि पहिल्या फोटोतच दिसत होतं!

कोळ्याआधी जाळं बघा

म्हणून माझा पहिला सल्ला: कॅमेरा काढण्याआधी अर्धा मिनिट जाळं बघा. आपल्याकडच्या बागेत साधारण हे प्रकार दिसतात.

गवतावर नरसाळ्यासारखं जाळं, कोळी भोकाच्या तोंडाशी बसलेला: हा गोल जाळंवाला नाही, गट वेगळा.

कोपऱ्यात गुंतवळ झालेले धागे: हाही वेगळा गट.

बारीक वीण, आडवी ताणलेली आणि मध्ये तंबूसारखी वर उचललेली: तंबू कोळी, म्हणजे सिर्टोफोरा. हा गोल जाळेवाल्यांच्याच कुटुंबातला आहे, पण याचं जाळं चिकट नसतं.

सायकलच्या चाकासारखं उभं जाळं, मधून निघालेल्या आऱ्या आणि त्यावर गोल गोल फिरत गेलेला चिकट धागा: हे आपले गोल जाळेवाले. यांच्यातले ओळखायला सोपे असे काही:

१. जाळ्यावर पांढरी जाड नागमोडी नक्षी आणि पाय जोडी-जोडीने जुळवून इंग्रजी 'एक्स'सारखा, डोकं खाली करून बसलेला कोळी: आर्जिओपी. सही केल्यासारखी नक्षी म्हणून याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात.

२. उन्हात सोनेरी चमकणारं प्रचंड जाळं आणि लांब काळ्या पायांची मोठी मादी: नेफिला पिलिपेस. मादीचं नुसतं धडच ३ ते ५ सेंटिमीटर भरतं. नर इतका लहान की तो वेगळाच कोळी वाटावा.

३. लहान, टणक, रंगीत पाठ आणि तिच्यातून निघालेले काटे: गॅस्टरॅकँथा.

४. जाळं तिरकं किंवा आडवं, कोळी हिरवट-चंदेरी आणि लांबट: ल्युकॉगे. हा गोल जाळंच विणतो, पण त्याचं कुटुंब वेगळं आहे.

५. संध्याकाळी जाळं दिसतं, सकाळी बऱ्याचदा गायब, आणि तपकिरी कोळी दिवसा पानाआड दडलेला: बहुधा निओस्कोना.

या यादीने जात ठरत नाही, गट ठरतो. पण घाबरायचं की नाही हे ठरवायला गट पुरेसा असतो.

फोटो कसे काढायचे?

मी ताईला परत फोन केला आणि पाच फोटो मागितले. कोळ्यासाठी हीच यादी तुम्हीही वापरू शकता.

पहिला, पूर्ण जाळ्याचा. धागे दिसावेत म्हणून जाळ्यामागे काहीतरी गडद हवं. आमच्याकडे बाबांनी काळी छत्री उघडून मागे धरली आणि लगेच फरक पडला. आधीच्या फोटोत मागे आकाश होतं म्हणून काहीच दिसत नव्हतं. छत्रीमुळे कोळ्याच्या दोन पायांच्या रेषेत पांढरी नागमोडी नक्षी स्पष्ट दिसली. पूर्ण 'एक्स' नव्हता, फक्त दोन हात होते. तेही नेहमीचंच, चारही हात दर वेळी विणलेले असतातच असं नाही. धागे दिसावेत म्हणून जाळ्यावर पीठ किंवा पावडर मात्र टाकू नका, जाळं खराब होतं.

दुसरा, पाठीचा, अगदी समोरून. मोबाईल मागच्या पानांवर फोकस करतो ही नेहमीची अडचण. कोळ्याच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर हात किंवा कागद धरा, स्क्रीनवर दाबून फोकस पक्का करा, मग हात बाजूला घ्या.

तिसरा, पोटाचा. बरेच लोक हा विसरतात. कोळी जाळ्याच्या मध्यावर बसला असेल तर दुसऱ्या बाजूने गेलं की पोट दिसतं. जवळच्या जातींमधला फरक पुष्कळदा तिथे असतो.

चौथा, बाजूने. पाठ सपाट आहे की उंचवटा आहे हे त्यातून कळतं.

पाचवा, मापाचा. बाबांनी जाळ्याला न लावता शेजारी १० रुपयांचं नाणं धरलं. ते नाणं २७ मिलिमीटरचं असतं. कोळ्याचं धड, पाय सोडून, नाण्याच्या निम्म्याहूनही कमी भरलं, साधारण ११ मिलिमीटर. आर्जिओपी ऑरँशियाची पूर्ण वाढलेली मादी १९ ते २८ मिलिमीटरची असते. अ‍ॅपच्या ९१ टक्क्यांवर एका नाण्याने शंका उभी केली! कारण मॉडेलला फोटोवरून माप कळत नाही. जवळून काढलेला लहान कोळी आणि लांबून काढलेला मोठा कोळी त्याला सारखाच.

टक्के एका नावावर नाही, गटावर बघा

हे पाच फोटो, ठिकाणासकट, मी आयनॅचरलिस्टवर टाकले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेला हा उपक्रम आज जगभर वापरला जातो. २०१७ पासून त्यात फोटो ओळखणारं मॉडेलही आहे. त्याच्या दोन गोष्टी इंजिनिअर म्हणून मला पटल्या.

एक, एखाद्या जातीचे साधारण शंभरेक फोटो जमल्याशिवाय ती मॉडेलच्या यादीत घेतली जात नाही. दोन, जातीबद्दल खात्री नसेल तर ते वरच्या पातळीवर, म्हणजे प्रजाती किंवा कुटुंबावर थांबतं.

हे दुसरं कसं जमतं ते एका उदाहरणाने बघू. समजा मॉडेलने पाच जातींना ३४, २२, १६, १२ आणि १६ टक्के दिले. पहिल्या जातीला फक्त ३४, म्हणजे खात्री कमी. पण पहिल्या चारही जाती आर्जिओपी प्रजातीतल्या असतील, तर आर्जिओपी असण्याची बेरीज ८४ टक्के होते. जात सांगता येत नाही, प्रजाती मात्र बऱ्यापैकी सांगता येते. तुम्ही कुठलंही अ‍ॅप वापरत असाल तरी ही युक्ती चालते. पहिलंच नाव उचलू नका. खालची चार-पाच नावं वाचा आणि त्यांच्यात समान काय आहे ते बघा.

तिसरी गोष्ट माणसांची. तुमची नोंद इतर लोक बघतात आणि आपलं मत देतात. किमान दोन जणांचं मत जुळून दोन-तृतीयांशपेक्षा जास्त एकमत झालं आणि नोंदीत फोटो, तारीख आणि ठिकाण असलं, की ती संशोधनात वापरण्याजोगी मानली जाते. स्वतःच्या घराचं ठिकाण उघड करायचं नसेल तर 'ऑब्स्क्युअर्ड' पर्याय निवडा, नेमकी जागा झाकली जाते.

नाव कुठवर मिळालं?

दुसऱ्या दिवशी एकाने मत दिलं: आर्जिओपी अनासुजा. माप जुळत होतं, कारण तिची मादी साधारण ८ ते १२ मिलिमीटरची असते. पट्टेही जुळत होते. मग दुसऱ्याने लिहिलं की आर्जिओपी पुल्चेलाही असू शकेल, पोटाचा अजून स्पष्ट फोटो आहे का? मी तो मागवेपर्यंत कोळ्याने जाळं हलवलं होतं. आमची नोंद आजही 'आर्जिओपी' एवढ्यावरच आहे.

सुरुवातीला मला ते अपुरं वाटलं. काम अर्धवट सोडल्यासारखं. पण कोळ्यांच्या बाबतीत तेच प्रामाणिक उत्तर असतं. कितीतरी जातींचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना बघूनच लागतो आणि पिल्लांच्या बाबतीत तेही जमत नाही. जगातल्या नोंदवलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये ५०,००० चा आकडा ओलांडला आणि भर पडतेच आहे. शिंपी टोपीसारख्या... नव्हे, हॅरी पॉटरमधल्या जादूच्या टोपीसारखा दिसणारा एरिओविक्सिया ग्रिफिंडोरी हा गोल जाळेवाल्या कुटुंबातलाच कोळी. तो कर्नाटकातल्या पश्चिम घाटात सापडला आणि त्याला नाव मिळालं २०१६ मध्ये. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलेला इसियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी ठाणे-कल्याण परिसरातला, नोंद २०२१ ची. जिला नावच मिळालेलं नाही ती जात कुठल्याच मॉडेलच्या यादीत नसणार. आणि तरी अ‍ॅप तिला काहीतरी नाव देणारच.

म्हणून अ‍ॅप उघडण्याआधी स्वतःला विचारा: मला नक्की काय जाणून घ्यायचंय? मुलांना धोका आहे का, एवढंच हवं असेल तर गट पुरेसा आहे. जातीचं नाव हवं असेल तर पाच फोटो, ठिकाण आणि थोडा धीर हवा. आणि साप चावणं किंवा रानातली अळंबी खाणं असा जिवाचा प्रश्न असेल, तर अ‍ॅपच्या उत्तरावर अजिबात जाऊ नका. तिथे डॉक्टर आणि जाणकार माणूसच हवा.

आमच्या परसात त्या दिवशी काय झालं ते सांगतो. जाळं गोल आहे, नक्षी आहे, धोका नाही, एवढं तासाभरात ठरलं. बाबांनी पंपातलं औषध परत बाटलीत ओतलं आणि चिऊ पळताना जाळ्यात जाऊ नये म्हणून दोन काठ्या रोवून मध्ये सुतळी बांधली. ताईचं समाधान लगेच झालं नाही. दोन दिवस ती चिऊला तिकडे एकटी सोडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनेच ग्रुपवर फोटो टाकला: कोळ्याने एक टोळ धाग्यात गुंडाळून ठेवला होता. बाबांचं त्यावर उत्तर होतं, "भेंडीवरचे पण खाईल का, विचार."

तुमच्या बागेत असा अनोळखी पाहुणा दिसला तर आधी जाळं बघा, मग छत्री आणि नाणं शोधा. आणि घरच्यांना अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी ती जात राहते कुठे, हे एकदा टॅप करून नक्की बघा.